आधी ब्रेक, मग रंग

जुनी मोटरसायकल घेऊन विद्यार्थ्याने घरच्या घरी कॅफे रेसर (जुन्या रेसिंग गाड्यांच्या धर्तीची सुटसुटीत मोटरसायकल) कशी करावी, हे लेखात छान सांगितलंय. पण खर्चाच्या यादीत रंग आणि सीट वर, ब्रेक पार तळाला, हे काही पटलं नाही. जुन्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे कुणालाच ठाऊक नसतं. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारची ब्रेक ऑइलं हवेतली ओल शोषतात, त्यांचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापले की ऑइल उकळून लिव्हर मऊ पडतो, दाबला तरी ब्रेक नीट लागत नाही. आधी कॅलिपर (चाकाची डिस्क आवळणारा भाग) आणि मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी ऑइल दाबणारा भाग) यांचे सील बदला, नवं ऑइल भरा. रंग काय, स्प्रे कॅनचाही चालतो.

एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरची मूळ पेटी) काढून पॉड फिल्टर (थेट कार्ब्युरेटरवर बसणारा उघडा फिल्टर) लावायचा सल्लाही अर्धवट वाटला. हवा वाढली की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, मग कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) मोठा घ्या, पेट्रोल वाढवायला त्यातली निडल (सुई) उचला, पुन्हा स्पार्क प्लग काढून त्याचं टोक बघा. तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय. हात आखडता असेल तर एअरबॉक्स राहू द्या की!

फ्रेमचं वेल्डिंग मात्र जाणत्याकडूनच करून घ्यावं. त्याआधी बॅटरी आणि सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) काढून ठेवा.

बाकी, फोटोतल्या गाडीला मागचं मडगार्डच दिसत नाही. सीटखालची वायरिंग पावसात कशी टिकली, तेवढं सांगाल का?