दोस्तानं युद्धाला नाही म्हटलं म्हणून तो दुश्मन होत नाही

जगात कुठंही युद्धाचं वारं सुटलं की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवसांत निकाल लागलेला असतो. जो देश सोबत निघाला तो मर्द, जो ‘थांबा’ म्हणाला तो गद्दार. परवा आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, “वेळेला मागं सरतो तो कसला दोस्त?” त्याला उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून इथं टाकतोय.

आमच्याकडं बांधावरून भांडण पेटलं की मदतीला दोन प्रकारची माणसं येतात. एक काठी घेऊनच येतो. दुसरा विचारतो, “मोजणी झाली का? नकाशा काय म्हणतो?” त्या घडीला या दुसऱ्याचाच लई राग येतो. पण पुढची पंधरा-वीस वर्षं कोर्टाच्या तारखांपासून वाचवतो तो हाच.

२००३ साली इराकवर चढाई करायला निघालेल्या अमेरिकेला फ्रान्स आणि जर्मनी हेच विचारत होते. आणि तेव्हा तर मोजणी चालूच होती! सुरक्षा परिषदेनं नोव्हेंबर २००२ मध्ये १४४१ क्रमांकाचा ठराव एकमतानं केला, त्यानुसार शस्त्रं तपासणारे निरीक्षक इराकमध्ये गेले. त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स ७ मार्चला परिषदेत म्हणाले की हे काम आठवड्यांत उरकणारं नाही, वर्षंही लागणार नाहीत, काही महिने द्या. ते मिळाले नाहीत. २० मार्चला हल्ला सुरू झाला. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी हे सगळं झालं, त्यांचे साठे पुढं सापडलेच नाहीत.

हे देश भित्रे होते म्हणणाऱ्यांनी थोडं मागं जावं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ‘नाटो’ या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीनं आपलं पाचवं कलम इतिहासात पहिल्यांदा लागू केलं. एकावर हल्ला तो सगळ्यांवर. हेच फ्रान्स, हेच जर्मनी अफगाणिस्तानात अमेरिकेबरोबर गेले, त्यांची पोरं तिथं मेली. म्हणजे मरायची तयारी होती. इराकबाबत त्यांना पुरावा पटला नव्हता, आणि जर्मनीचे परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांनी म्युनिकच्या परिषदेत अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या समोर तसं स्पष्ट सांगितलं. युद्धाला नाही म्हटल्याबद्दल या देशांना मिळालं काय? ‘जुना युरोप’ म्हणून हिणवणं, आणि अमेरिकी संसदेच्या उपाहारगृहात फ्रेंच फ्राइजचं नाव बदलणं!

मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो तुर्कस्तानच्या संसदेचा. साठ हजारांवर अमेरिकी सैनिक तुर्कस्तानातून उत्तर इराकमध्ये उतरवायचे होते. बदल्यात अब्जावधी डॉलरची मदत समोर ठेवलेली, सरकारकडं भक्कम बहुमत. १ मार्च २००३ ला मतदान झालं. बाजूनं २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. हजर सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागत होती, तीन कमी पडली. सत्ताधारी पक्षाच्याच कितीतरी खासदारांनी ऐकलं नाही. ब्रिटनमध्ये रॉबिन कुक यांनी युद्धाला विरोध म्हणून मंत्रिपद सोडलं, तरी दुसऱ्या दिवशी ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्ध मंजूर झालं. तेरा वर्षांनी, २०१६ ला, या युद्धाच्या ब्रिटिश सरकारी चौकशीचा चिलकॉट अहवाल आला: शांततेचे मार्ग संपलेले नव्हते. तोवर १७९ ब्रिटिश, साडेचार हजारांच्या आसपास अमेरिकी आणि लाखाच्या वर इराकी माणसं गेली होती.

आता कुणी म्हणेल, हा बाबा कुठल्याच युद्धाच्या बाजूचा नाही. तसं नाही. मी धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गकडचा. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेलं भारतीय सैन्य आमच्याच वाटेनं निजामाच्या हैदराबाद संस्थानात आलं, बोरी नदीवरचा पूल त्यांनी ताब्यात घेतला. आजी सांगायची, रझाकारांच्या धास्तीनं बायामाणसं रात्री उभ्या ज्वारीत झोपायची. खोकला आला तर पदराचा बोळा तोंडात. धान्य पेवात, पेवावर कडबा. तिथं पुरावा शोधायला निरीक्षक लागत नव्हते. सैन्य आलं ते बरंच झालं, असं मी आजही म्हणतो.

पण पूर्ण बोलायचं तर हेही बोललं पाहिजे. पाच दिवसांत निजाम शरण आला, आणि त्यानंतर आमच्याच जिल्ह्यात, नांदेडात, बिदर-गुलबर्ग्यात निरपराध मुसलमान मारले गेले. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं ते नोंदवून ठेवलंय. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला, त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. इतक्या रास्त कारणासाठी झालेल्या, इतक्या छोट्या कारवाईच्या पोटात हे होतं. मग समुद्रापलीकडच्या अनोळखी मुलखात, कच्च्या पुराव्यावर घुसल्यावर काय होणार?

आणि आपलं काय? ८ एप्रिल २००३ ला आपल्या लोकसभेनं या युद्धाविरुद्ध एकमतानं ठराव केला. अध्यक्ष मनोहर जोशी होते. त्यानंतर अमेरिकेनं आपल्याकडं सैन्य मागितलं, सुमारे १७ हजार जवान. अमेरिकेशी नवी दोस्ती जमत होती, दिल्लीत ‘पाठवाच’ म्हणणारेही कमी नव्हते. १४ जुलैला वाजपेयी सरकारनं नाही म्हणून कळवलं. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, एवढंच. दोस्ती तुटली का? २००८ ला त्याच अमेरिकेशी अणुकरार झाला.

आमच्या भागात पहाटे रस्त्यानं भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. शेतात भागत नाही, नोकरी नाही, म्हणून फौज. १७ हजार जवान गेले असते तर त्यांत लातूर-बीड-धाराशिवची पोरं असतीच, आणि इराकच्या त्या नरकातून सगळी परत आली नसती. ग्रुपवर ‘गद्दार’ लिहिणाऱ्यानं तेव्हा आपल्या सरकारलाही हाच शब्द लावला असता का, हे मला त्याच्याकडून ऐकायचंय. मी वाजपेयींच्या पक्षाला कधी मत दिलेलं नाही. पण त्या एका निर्णयासाठी मी त्यांचा ऋणी आहे, आणि हे आज उघड लिहून ठेवतोय.