सिग्नल कायम हिरवाच ठेवायचा का?

कॉलेज रोडच्या सिग्नलला आज नवा फ्लेक्स लागलाय. गुटगुटीत बाळ, हातात चमचा, वर ठळक अक्षरं: 'मेंदूच्या पेशी दुप्पट वेगाने वाढवा!' डोकं तापायला तो एक लाल सिग्नल पुरला.

अहो, पेशी वाढवणं सोपंय. थांबवायचं कोणी?

मज्जातंतूंवर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त थराचं, वेष्टण चढवणाऱ्या मेंदूतल्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशीच घ्या. त्यांच्या पूर्वज पेशींना 'दुभंगा' हा निरोप मुख्यतः पीडीजीएफ हे प्रथिन देतं. उंदराच्या पिल्लाच्या दृष्टिचेतेतून (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतून) या पूर्वज पेशी काढून प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये ठेवल्या आणि पीडीजीएफ दिलंच नाही, तर त्या वाढायच्या आधीच प्रौढ होऊन बसतात. मिलिलिटरला 10 नॅनोग्रॅम दिलं की जास्तीत जास्त आठेक वेळा दुभंगतात आणि निरोप चालू असूनही थांबतात. आता सोबत एफजीएफ-2 हे वाढीचं दुसरं प्रथिन ओता. थांबणंच विसरतात! नुसती गर्दी, मायलिन शून्य. फ्लेक्सवाल्याचं स्वप्न पुरं झालं म्हणायचं.

शरीरही गर्दी ठेवून घेत नाही. उंदराच्या दृष्टिचेतेत तयार झालेल्या ऑलिगोडेंड्रोसाइटपैकी सुमारे निम्म्या मरतात. ॲक्सॉनकडून, म्हणजे मज्जापेशीच्या लांब धाग्याकडून, जगण्यापुरता खुराक मिळाला त्या टिकतात, बाकीच्या जातात. दुप्पट म्हणे!

हो, लोह, आयोडीन, पोटभर जेवण लागतं, मान्य. डिशमधलं जसंच्या तसं बाळात होत नाही, तेही मान्य.

पण 'आता पुरे' हा निरोप कोण देतं ते फ्लेक्सवर कधी येईल? थायरॉइड हार्मोन. आठेक वेळांनंतर पेशी थांबतात त्या डिशमध्ये ते असतं म्हणून; नसेल तर पूर्वज पेशी दुभंगतच राहतात, प्रौढ होत नाहीत. बाळात ते कमी पडलं तर मायलिन रखडतं, आणि सुरुवातीला बाळ दिसायला अगदी छान असतं. त्या फ्लेक्सवरच्यासारखंच.

ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी, राग बाजूला ठेवून: 48 तासांनंतर बाळाची टाच टोचून टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन; थायरॉइड कमी पडलं की तो वाढतो) तपासून घ्या. पहिल्या दिवशी तो सगळ्यांचाच उसळलेला असतो, घाईचा नमुना फसवतो. थायरॉइडचा दोष पक्का झाला तर बाळ दोन आठवड्यांचं व्हायच्या आत लेव्होथायरॉक्सिन (गोळीतलं थायरॉइड हार्मोन) सुरू व्हायला हवं, सहसा रोज किलोमागे 10 ते 15 मायक्रोग्रॅम, डॉक्टर ठरवतील तसं. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात द्यायची. लोह, कॅल्शियम किंवा सोयासोबत नाही, ती नीट शोषली जात नाही. डिस्चार्ज लवकर मिळाला आणि नमुन्यासाठी पुन्हा बोलावलं, तर कंटाळा करू नका, जा.