मिशीला तूप, मिशीला व्हॅसलीन

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा मला दोनच भीती होत्या. एक बोट लागण्याची आणि दुसरी हिच्या उत्साहाची. मिशी आडवी येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. एकतीस वर्षं ती नाकाखाली निमूट बसून होती. लग्नाच्या अल्बमात आहे, आधार कार्डावर आहे, आजवर तिची कुणी तक्रार केली नव्हती.

बोट लागलीच. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाणाऱ्या बोटीत (गावाचं नाव आता श्री विजयपुरम आणि बेटाचं स्वराज द्वीप, पण बोलताना सगळे जुनंच नाव घेतात) खिडक्या उघडत नाहीत, एसी मात्र असा की हिमालयात आल्यासारखं वाटावं. मी डोळे मिटून मनात रामरक्षा म्हणत होतो. शेजारी ही चिवडा खात होती. मध्येच मला कोपरानं ढोसून म्हणाली, "अहो, उडते मासे!" मी डोळे न उघडताच "छान" म्हटलं. संसारात एवढं कळतं.

तिकडे घड्याळ आपलंच, पण सूर्य वेगळा. आपण इतके पूर्वेला असतो की डिसेंबरात पहाटे साडेपाचला खोलीत उजेड आणि संध्याकाळी पाचला सूर्य गडप. पाच वाजता माझ्या चहाची वेळ, तर तिथे लोक जेवणाची ऑर्डर देताना दिसले. सात नंबरच्या किनाऱ्यावर, म्हणजे राधानगरला, सूर्यास्त बघायला आम्ही आपल्या सवयीनं सव्वापाचला पोचलो. फक्त धूसर तांबूस आभाळ शिल्लक होतं, आणि वाळूतल्या बारीक माश्या. त्या चावतात हे दुसऱ्या दिवशी कळतं, तेव्हा दोन्ही हात खाजवायला पुरत नाहीत.

खरी परीक्षा एलिफंट बीचवर. हॅवलॉकच्या जेटीवरून छोट्या बोटीनं तिथे नेतात आणि स्नॉर्कलिंग करवतात. म्हणजे डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात नळी, कमरेला रबरी टायर, आणि एक पोरगा तुम्हाला त्या टायरसकट ओढत प्रवाळांवरून फिरवतो. पोहता येण्याची गरज नाही असं त्यांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं असतं तर मी परत फिरलो असतो.

आमच्या वाट्याला आलेला पोरगा विशीतला, अंगानं काटकुळा. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"दादा, मूंछ है."

मी अभिमानानं हो म्हटलं.

"पानी घुसेगा."

मग त्यानं शास्त्र समजावलं. मास्कची रबरी कड कातडीला चिकटून बसली तरच आत हवा राहते. मधे केस आले की प्रत्येक केसाच्या बुडाशी एक बारीक वाट तयार होते आणि त्या वाटेनं पाणी शिरतं. माझ्या मिशीत अशा किती वाटा असतील याचा मी पहिल्यांदाच विचार केला. उपाय दोन. एक, काढून टाका. दुसरा त्यानं पिशवीतूनच काढला: व्हॅसलीनची डबी.

पोट रिकामं असलं तरी मिशीला तूप लावून मिरवतात, असं लहानपणापासून ऐकत होतो. भर समुद्रात, अर्ध्या चड्डीत, एका पोरानं बोटभर व्हॅसलीन घेऊन माझी मिशी चोपडली तेव्हा त्याचा अर्थ अंगाला लागला. वर तो म्हणाला, "अब मास्क में थूको." काचेवर धुकं धरू नये म्हणून थुंकी चोळतात. इथे थुंकू नये अशा पाट्या वाचत वाढलेला माणूस मी. आयुष्यात पहिल्यांदा परवानगी मिळाली आणि तोंडाला कोरड पडली.

मी काठावर घुटमळत होतो तेव्हा ही पाण्यातून ओरडली, "अहो, या बेटावर हत्ती पोहायचा! तुम्हाला काय होतंय?"

हे खरं आहे. राजन नावाचा हत्ती होता, लाकडाच्या ओंडक्यांच्या कामासाठी अंदमानात आणलेला. तो समुद्रात पोहायचा आणि बघायला परदेशातून माणसं यायची. 2016 मध्ये तो गेला. पण मला हे उदाहरण अन्यायाचं वाटतं. हत्तीला नळी जन्मजात असते. आणि मिशी नसते.

मी तोंड बुडवलं. पहिली चार सेकंद अवर्णनीय. पाचव्या सेकंदाला वरच्या ओठावर गार रेघ जाणवली, मग नाकाशी पाणी, मग डोळ्यांपर्यंत. मास्कमध्ये माझा स्वतंत्र समुद्र तयार झाला आणि त्यात मी एकटाच प्राणी. नळीतून श्वास घ्यायचा हे डोक्याला माहीत असतं, पण एकतीस वर्षांची मिशी जिच्या खाली आहे त्या नाकाला कोण सांगणार? त्यानं सवयीनं ओढलं. खारट पाणी थेट मेंदूत. मी उठून उभा राहायला गेलो तर पोरगा किंचाळला, "खड़ा मत होना! कोरल है!" प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत, एका पायाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. एरवी हे ऐकून मी हळहळलो असतो. त्या क्षणी माझी स्वतःची वाढ धोक्यात होती.

असं सहा वेळा झालं. व्हॅसलीनचे सहा हात चढले. परत येताना ही बोटीत सगळ्यांना काय काय पाहिलं ते सांगत होती, मी नाकातून अंदमानचा समुद्र गाळत होतो. पॅकेजात पाण्याखालचे फोटोही मिळतात. माझ्या सगळ्या फोटोंत काचेमागे अर्ध्यापर्यंत पाणी आणि त्यावर तरंगणारे दोन डोळे आहेत.

रात्री मी आरशापुढे बराच वेळ उभा होतो. ही काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

सकाळी तीन नंबरच्या बाजारात एका सलूनमध्ये जाऊन बसलो. न्हाव्यानं "पूरा?" म्हणून दोनदा विचारलं. दीड मिनिटात सगळं संपलं. ओठावर वारा लागला तेव्हा परक्या माणसाचा चेहरा घेऊन आल्यासारखं वाटलं. बाहेर ही नारळपाणी पीत होती. तिनं पाहिलं, स्ट्रॉ तोंडातून काढली आणि म्हणाली, "अगबाई, तुमच्या भावासारखे दिसता." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिला माझा भाऊ कधीच आवडलेला नाही.

त्या दिवशी आम्ही नीलला गेलो. तिथले किनारे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. सगळं रामायण एका छोट्या बेटावर. भरतपूरला पाण्यात उतरलो, मास्क लावला, वाट पाहिली. ओठावर काही नाही. आतली हवा आतच राहिली.

आणि मग दिसलं. निळसर पोपटमासा चोचीनं प्रवाळ खरवडत होता, आणि तो करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता, शेजारी कुणी पापड खावा तसा. तो दगड दळतो आणि मागून वाळू सोडतो. काल ज्या पांढऱ्या वाळूवर मी कौतुकानं लोळलो ती कुठून येते हे बघून घेतलं. पुढे समुद्रफुलाच्या बोटांत नारंगी विदूषकमाशांचं बिऱ्हाड. त्यांच्यात सगळ्यात मोठी ती मादी, घर तिचं. ती गेली की तिचा नवराच मादी होतो. माझी ओठावरची एक वस्तू जायची होती तर मी रात्रभर जागलो. आणि तळाशी समुद्रकाकडी, लोळत पडलेली. हा प्राणी मागच्या बाजूनं श्वास घेतो. नाक, मास्क, मिशी, कशाशी संबंध नाही. इतका हेवा मला कुठल्याच प्राण्याचा वाटलेला नाही.

बरंच प्रवाळ मेलेलंही होतं, करड्या हाडांच्या ढिगासारखं. 2010 साली समुद्र तापला तेव्हा बरंच गेलं, असं टायर ओढणाऱ्यानं सांगितलं. त्या ढिगाऱ्यावरही एके ठिकाणी बोटाएवढी जांभळी फांदी फुटली होती. मी तिच्यावर एवढा वेळ तरंगलो की त्यानं टायर हलवून मी जिवंत आहे ना ते पाहिलं.

परतीच्या दिवशी विमानतळावर जवानानं आधार कार्ड हातात घेतलं. कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे. मागे रांग खोळंबली. ही आभाळाकडे बघत उभी. शेवटी त्यानं कार्ड परत दिलं आणि पुढच्या टेबलावर दुसऱ्यानं बॅगेकडे बोट दाखवलं. तिथून शंख-प्रवाळ परवानगीशिवाय नेता येत नाहीत.

"शंख, कोरल, कुछ ले जा रहे हैं?"

"नाही हो," मी ओठावरून हात फिरवत म्हणालो, "छोड़ के जा रहा हूँ."