ईएमटीचे प्रॉब्लेम्स कुठून आणायचे?

सेमिस्टर सुरू झालं की टीवायबीएस्सीच्या आणि जॅमची (आयआयटीत एमएस्सीला जायची प्रवेशपरीक्षा) तयारी करणाऱ्या पोरांचा ठरलेला प्रश्न येतो: ईएमटीचे, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरीचे, चांगले प्रॉब्लेम्स कुठे मिळतील? पीडीएफ आहे का?

अरे, ढिगाने मिळतात. जॅमच्या जुन्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत, एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्सेस) असाइनमेंट्स आहेत, एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर ८.०२ चे, म्हणजे त्यांच्या विद्युत-चुंबकत्वाच्या कोर्सचे, प्रॉब्लेम सेट पडलेत. ग्रिफिथ्स, म्हणजे त्याचं ईएमटीचं पाठ्यपुस्तक, तर सगळ्यांच्याच फोनमध्ये असतो. (कुठून आला, ते विचारत नाही.)

पण त्याच ग्रिफिथ्सचं पहिलं प्रकरण, व्हेक्टर ॲनालिसिसचं, "ते मॅथ्स आहे" म्हणून सोडून दिलं जातं. त्यात एक इवलासा प्रॉब्लेम आहे. मूळबिंदूपासून बाहेर जाणारं आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटणारं फील्ड घ्या आणि डायव्हर्जन्स (त्या बिंदूतून फील्ड किती उगम पावतं ते) काढा. उत्तर शून्य येतं. आता मूळबिंदूभोवतीच्या गोलातून फ्लक्स (पृष्ठभागातून बाहेर पडणारं एकूण फील्ड) काढा, ४π येतो. मग हा फ्लक्स आला कुठून? सगळा उगम त्या एका बिंदूत आहे, जिथे आपलं सूत्रच चालत नाही. डेल्टा फंक्शन (एका बिंदूत सगळं एकवटलेलं, बाकी सगळीकडे शून्य) लागतं ते इथे. बिंदुभाराचं फील्ड म्हणजे हेच, फक्त पुढे स्थिरांक लावायचा. या एका प्रॉब्लेमवर संध्याकाळ घालवणारा पोरगा मला पन्नास एमसीक्यू सोडवणाऱ्यापेक्षा पुढचा वाटतो.

आणि खरं तर प्रॉब्लेम्स घरीच तयार होतात. एक्स-घटक वाय, बाकीचे घटक शून्य असं फील्ड लिहा. कर्ल (फील्ड बिंदूभोवती किती फिरतं ते) शून्य नाही, म्हणजे हे स्थिरविद्युत फील्ड असूच शकत नाही. आता वाय-घटक एक्स करा. कर्ल गेला, डायव्हर्जन्स आधीपासूनच शून्य. पोटेन्शियल उणे एक्स-वाय. हेच चुंबकीय फील्ड मानलं तर झाला क्वाड्रुपोल, चार ध्रुवांचा चुंबक! इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत अशाच चुंबकांनी एकवटतात. वाय-घटकाचं नुसतं चिन्ह बदला, उणे एक्स. डायव्हर्जन्स अजूनही शून्यच, पण कर्ल उणे दोन, झेड दिशेत. हे कुठलं फील्ड? समान घनतेची करंट वाहणाऱ्या जाड तारेच्या आतलं, करंट उणे झेडकडे. गाईड नको, उत्तरसूची नको. बरोबर-चूक मॅक्सवेलची समीकरणंच सांगतात.

एवढं जमलं की काळ आत आणा. त्या क्वाड्रुपोलच्या फील्डला कोसाइन ओमेगा-टीने गुणा. फॅरेडेच्या नियमाने विद्युत फील्ड काढा. झेड दिशेत, वाय-वर्ग वजा एक्स-वर्ग असलेलं काहीतरी येईल. आता अँपिअर-मॅक्सवेलचं समीकरण लावून बघा. डावीकडे चुंबकीय फील्ड B चा कर्ल शून्य, उजवीकडे डिस्प्लेसमेंट करंट (बदलत्या विद्युत फील्डचं पद) मात्र शून्य नाही. म्हणजे निर्वात जागेत हे फील्ड टिकत नाही. ओमेगा लहान असेल तर निभावतं. किती लहान? ते काढा, पीडीएफ नंतर मागा.