आईची भाकरी बंद करणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी एक लांबलचक मेसेज टाकला. तुमच्याकडं पण आला असेल, कारण नंतर मला तोच अजून तीन ग्रुपवर दिसला. सुरुवातच 'भाकरी सोडा, शुगर तोडा' अशी. खाली मुद्दे. कार्ब (धान्य, फळं, साखर यांतली कर्बोदकं) म्हणजे विष, भाकरी आणि साखर एकच. भाकरी, भात, चपाती, डाळ, फळं सगळं बंद, तूप-लोणी-पनीर हवं तेवढं खा. २१ दिवसांत १० किलो वजन उतरतं. ज्वारी-गहू खायची सवय इंग्रजांनी लावली, आपले पूर्वज कार्ब खातच नव्हते. आणि शेवटी, तिसऱ्या दिवसापासून शुगरच्या सगळ्या गोळ्या, इंजेक्शन बंद करा, शुगर मुळापासून जाते.

मी वाचला आणि सोडून दिला. तिथंच उत्तर द्यायला पाहिजे होतं, कारण आईनं तो मनावर घेतला.

आई ६३ वर्षांची, ११ वर्षांपासून शुगर आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी दोन वेळा जेवणाआधी. तिनं भाकरी बंद केली आणि आम्हाला सांगितलं पण नाही. रोज रात्री आमच्यासाठी परातीत पीठ मळायची, थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायची, एकेक भाकरी फुगवून ताटात द्यायची आणि स्वतः वाटीत पनीरचे चार तुकडे घेऊन बसायची. विचारलं तर म्हणायची, 'मी मगाशीच खाल्लं'. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी पहाटे साडेपाचला बाथरूमच्या दारात भिंतीला धरून उभी, गाऊन घामानं भिजलेला, हात थरथरतायत आणि मी काय विचारतेय ते तिला कळत नव्हतं. मशीनवर शुगर ५२ आली, म्हणजे फारच खाली. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ८१. तेव्हा कुठं बोलायला लागली, आणि पहिलं वाक्य काय तर 'दाजींना सांगू नको, त्यांना वाईट वाटंल'.

म्हणून मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतेय, कारण सगळ्यात जास्त धोका तिथंच आहे.

गोळ्या बंद करायचं आईनं ऐकलं नव्हतं, तिला भीती वाटली. आता एकजण मला म्हणाला की बघा, गोळ्या पण बंद केल्या असत्या तर शुगर पडलीच नसती, म्हणजे मेसेज बरोबरच होता. नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलाय का उपाशी आहात हे ती गोळी बघत नाही. अचानक भाकरी-भात सगळं काढलं आणि गोळी तशीच ठेवली की शुगर पडणार, इन्सुलिन घेणाऱ्याचं पण तेच. त्यामुळं जेवण एवढं बदलायचं असेल तर डोस बदलावा लागतो हे खरं आहे, पण कुठली गोळी, किती आणि कधी कमी करायची हे तुमचे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवणार. मेसेज लिहिणाऱ्याला माहीत आहे का तुम्ही काय घेताय? ज्या पोराला टाइप १ आहे, ज्याच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याच्या घरी हा मेसेज गेला आणि त्यांनी इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत पोर आयसीयूत जाईल नाहीतर हातातून जाईल. मेसेजमध्ये टाइप १ हा शब्दसुद्धा नाही, 'सगळ्या गोळ्या, इंजेक्शन' एवढंच आहे.

अजून एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून नीट वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' येतं, त्या लघवीतून साखर बाहेर काढतात. आता हल्ली बऱ्याच जणांच्या चिठ्ठीत असतात. या गोळ्या चालू असताना कार्ब एकदम तोडले तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होतात ते) वाढून आम्ल साठू शकतं, आणि त्यात फसवणारी गोष्ट अशी की मशीनवर शुगर फार वाढलेली दिसतच नाही. माणूस म्हणतो शुगर तर चांगली आहे, मग या उलट्या, पोटदुखी आणि धाप पित्तामुळं असेल. ते पित्त नसतं, सरळ दवाखान्यात जायचं असतं. तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल तर आज पाकीट काढून नाव वाचा.

आता 'मुळापासून जाते'. यात अर्धं खरं आहे आणि ते मी मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. टाइप २ शुगर, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होते ती, काही लोकांमध्ये गोळ्यांशिवाय आटोक्यात येते. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात पहिल्याच दिवशी शुगरच्या गोळ्या थांबवल्या होत्या, पण डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली, आणि घेतलेली माणसं कोण, तर शुगर होऊन सहा वर्षांच्या आतली आणि इन्सुलिन न घेणारी. वर्षानं ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मर्यादेत होती. दोन वर्षांनी ३६ टक्के. म्हणजे परत येते, मुळापासून जात नाही, वजन परत चढलं की ती पण परत चढते. आणि मेसेजवाल्यांनी हे वाचायला पाहिजे की त्या लोकांना सुरुवातीचे तीन ते पाच महिने जे पाकिटातलं सूप-शेक दिलं होतं, दिवसाला साधारण ८५० कॅलरी, त्यातल्या निम्म्याहून जास्त कॅलरी कार्बच्या होत्या. जवळजवळ ६० टक्के. फायदा झाला तो वजन उतरल्याचा, ज्यांचं १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांची शुगर आटोक्यात आली. कार्ब विष असते तर हे झालंच नसतं.

वजनाचं आता. २१ दिवसांत १० किलो. साधा हिशोब करा, अंगावरची एक किलो चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात. १० किलोला ७७,०००. भागिले २१ म्हणजे रोज ३,६०० च्या वर कॅलरीची तूट. आईसारखी बाई दिवसभरात एवढं खातच नाही, तर तूट कुठून आणणार, पूर्ण उपाशी राहिली तरी एवढी होणार नाही! मग आईचं पहिल्या आठवड्यात अडीच किलो कसं उतरलं, तिला तर काटा बघून फार आनंद झाला होता. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंत चार-पाचशे ग्रॅम साठवलेली साखर असते, ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कार्ब बंद केले की तो साठा संपतो आणि पाणी निघून जातं. काट्यावर दीड-दोन किलो कमी. चार भाकऱ्या खाल्ल्या की परत येतं, आणि लोकांना वाटतं भाकरीनं वजन वाढवलं.

लो कार्ब बरं का हाय कार्ब, हा वाद घालणाऱ्यांनी एकच अभ्यास वाचावा असं मला वाटतं. अमेरिकेत स्टॅनफर्डला ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या टीमनं केला, डायटफिट्स, २०१८ ला छापून आला. ६०९ जाड माणसं, शुगर नसलेली. निम्म्यांना कमी कार्ब, निम्म्यांना कमी चरबी, म्हणजे ओघानं कार्ब जास्त. पण दोन्हीकडच्यांना एक गोष्ट सारखी सांगितली, साखर आणि मैद्याचं, पाकिटातलं कमी करा, भाज्या भरपूर खा, जेवण घरी बनवा. कॅलरी मोजायला लावल्या नाहीत. वर्षानं काय झालं? कमी कार्बवाल्यांचं सरासरी ६ किलो उतरलं, कमी चरबीवाल्यांचं ५.३. सातशे ग्रॅमचा फरक, तो पण असा की योगायोगानं येऊ शकतो. आणि दोन्ही गटांत काहींचं २५ किलोच्या वर उतरलं, काहींचं उलट वाढलं. अगोदर वाटत होतं की कुणाला कुठलं लागू पडंल हे जीन्सवरून किंवा इन्सुलिनवरून ओळखता येईल, ते पण जमलं नाही. म्हणजे ज्याला जे वर्षभर निभावतं ते त्याचं. ज्याला कमी कार्ब जमतं त्यानं डॉक्टरांना विचारून जरूर करावं, सुरुवातीचे काही महिने शुगर त्यानं चांगली उतरते हे पण खरं आहे. पण पन्नास वर्षं ज्वारी खाल्लेल्या बाईला भाकरी सोडली नाहीस तर मरशील असं भीती घालून सांगायचं नाही.

आणि भाकरी म्हणजे साखर? ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रोटीन आणि १० ग्रॅम फायबर असतं. साखरेत दोन्ही शून्य. भाकरीनं शुगर वाढते, नाही असं मी म्हणत नाही, कार्ब त्यात भरपूर आहेत आणि 'ज्वारी आहे, किती पण खा' हे पण तितकंच चुकीचं आहे. आपल्याकडं खरी अडचण ताटाची आहे. तीन भाकऱ्या, वर भात, पातळ आमटी, डाळ तळाला चार दाणे, आणि सकाळी पोहे. आयसीएमआर या आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्याच अभ्यासातून निघालंय की आपण भारतीय कार्ब फार खातो आणि प्रोटीन फार कमी, नवीन शुगर झालेल्यांनी दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी कार्बचा वाटा निम्म्याच्या आसपास आणावा असं त्यांनी सुचवलंय. निम्म्याच्या आसपास म्हणजे शून्य नव्हे. आणि मेसेज तर डाळच बंद करायला सांगतो, शाकाहारी माणसाचं प्रोटीनच काढून घेतो.

आमच्या शेजारच्या मावशी विड्या वळतात, तेलुगू बोलतात, त्यांच्या मुलीनं त्यांना हाच मेसेज वाचून दाखवला. मला म्हणाल्या, 'ताई, पनीर रोज कुठनं आणायचं ओ, मग आम्ही काय खायचं?' भाकरी सोडली तर त्यांच्या ताटात राहतं काय? चटणी. हजारावर विड्या वळायच्या चटणीवर?

तूप-लोणी हवं तेवढं, यावर थोडक्यात. काही लोकांमध्ये अशा खाण्यानं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, फार वाढतं. ज्याच्या घरात हार्टचा इतिहास आहे त्यानं तरी 'हवं तेवढं' हे शब्द ऐकू नयेत.

इंग्रजांनी ज्वारी लावली हा मुद्दा सोलापूरकरांनी पुढं पाठवावा याचं मला खरंच वाईट वाटतं. मंगळवेढा आपल्यापासून तासाभरावर. तिथल्या ज्वारीला जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून मानांकन, मिळालाय, मालदांडी ज्वारीचं एम ३५-१ हे वाण आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेलं. दामाजीपंतांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, बेदरच्या बादशहाची कोठारं त्यांनी दुष्काळात लोकांसाठी उघडली, ती धान्याचीच ना? तेव्हा इंग्रज कुठं होते? आणि जपानमधल्या ओकिनावा बेटावरचे म्हातारे, दीर्घायुष्यासाठी जगभर नाव असलेले, त्यांच्या जुन्या आहारात ८० टक्क्यांच्या वर कार्ब होते, मुख्यतः रताळी.

डॉक्टरांनी आईची रात्रीची गोळी बदलली. आता ती रात्री दीड भाकरी खाते, सोबत घट्ट डाळ किंवा मटकी, काकडी-मुळा, वर दही आणि शेंगाचटणी, भात बंद नाही पण वाटीभर आणि दुपारीच. जेवण झालं की अर्धा तास गल्लीत चालते.

दाजी, तुम्ही आईच्या काळजीनंच पाठवला हे मला माहीत आहे. पण तो मेसेज तुम्ही अजून ज्या ग्रुपवर टाकलाय तिथं हे पण टाका, आणि त्यातलं कोण कोण ग्लिमेपिराइड, इन्सुलिन, नाहीतर ती फ्लोझिनवाली गोळी घेतं ते एकेकाला फोन करून विचारा.