आधी स्टॅम्प आणा, मग भाऊ आणा

घरातल्या कुणाला मनोरुग्णालयात न्यायची वेळ आली तर घाबरू नका. गेल्याच महिन्यात धाकट्या भावाला घेऊन मी ही परीक्षा दिली आहे. म्हणून चार अनुभवाचे बोल, फुकट.

पहिलं म्हणजे 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अजिबात वाचू नका. वाचलाच, तर काउंटरवर तसं दाखवू नका. मी ती घोडचूक केली. कलम 14 सांगतं की माणूस स्वतःचा प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो. साध्या कागदावर लिहायचं, सही नाहीतर अंगठा. भावाने बरा असताना वहीचं पान फाडून लिहून ठेवलं होतं, "माझा त्रास वाढला तर माझ्या वतीने ताई ठरवेल." काउंटरवरच्या बाईंनी ते दोन बोटांनी उचललं, उलटून मागचा भाजीचा हिशोब वाचला आणि म्हणाल्या, "हे चालत नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून आणा. आणि घरात कुणी पुरुषमाणूस नाही का?" म्हटलं, अहो, कायद्यातच साधा कागद लिहिलंय. तर म्हणे, "मॅडम, कायदा वेगळा, आमची प्रोसिजर वेगळी." भाऊ तेव्हा तीन रात्रींचा जागा, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून बाकावर बसलेला. नोटरी उघडणार सव्वाअकराला. आजाराने तोवर दम धरावा! शेवटी सही चालली कुणाची? गावाहून बोलावलेल्या काकांची. या पोराला त्यांनी दिवाळीनंतर पाहिलेलं नाही, तो कुठली गोळी घेतो ते ठाऊक नाही. पण खिशाला पेन होतं आणि ओठावर मिशी होती. झाली पात्रता.

दाखल केल्यावर काही विचारू नका. पेशंटची माहिती गोपनीय असते. बिल तेवढं नसतं.

विमा आहे म्हणून हुरळू नका. शरीराच्या आजाराला जो नियम तोच मनाच्या आजाराला, असं कलम 21 म्हणतं. डेस्कवरचा मुलगा म्हणतो, "यात बसत नाही." पॉलिसी न उघडता.

तक्रारीसाठी पुनर्विलोकन मंडळ असतं. पत्ता विचारून बघा, दोन घटका करमणूक होते.

आणि डिस्चार्जची वाट पाहू नका, तो आपणहून कोसळतो. अकराव्या दिवशी सकाळी आठला फोन, "घेऊन जा, बेड हवाय." पुढच्या उपचारांबद्दल पेशंटशी, प्रतिनिधीशी, घरच्यांशी बोलावं, असं कलम 98 आहे. आमच्याशी बोलला तो औषधाच्या दुकानातला पोरगा. सकाळची गोळी कुठली, रात्रीची कुठली, त्याने पाकिटांवर पेनाने लिहून दिलं. देव त्याचं भलं करो.

बास झाली थट्टा. पेशंटला विचारायचं नाही, कारण तो वेडा. घरच्यांना सांगायचं नाही, कारण तो सज्ञान. लाज नाही वाटत? कायदा मे 2018पासून लागू आहे, आणि तुमच्या काउंटरवर कलम 14चा एक कोरा अर्ज नाही! सुधारणा करणाऱ्यांनो, नवे हक्क नंतर छापा. आधी एवढं करा, की ज्याला नाही म्हणायचंय त्याने ते लेखी म्हणावं, खाली स्वतःचं नाव घालून. मग बघू किती जणांची प्रोसिजर टिकते.

आणि बाई, ते वहीचं पान परत करा. फाइलला लावलंय म्हणालात. कलम 25 दाखवून फाइलची प्रत काढून आणली मी. त्यात काकांची सही आहे, माझ्या भावाची नाही.