बेशुद्ध रुग्णाला विचारणार तरी काय?

“आपत्कालीन उपचारांच्या संशोधनात रुग्णांना भागीदार करा म्हणे! बेशुद्ध माणूस काय मत देणार? शुद्धीवरच्याला तरी त्यातलं काय कळतं? नुसता वेळ जातो,” हा दावा सध्या खूप फिरतोय. तो मला पटत नाही.

बेशुद्ध माणसाचं आधी. इथे संमती आणि भागीदारी यांची गल्लत होते. संमती त्या क्षणाची असते. भागीदारी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि ती करतात अशा प्रसंगातून वाचलेले लोक व त्यांचे नातेवाईक. उलट संमती घेताच येत नसेल, तर आधी लोकांना विचारणं जास्तच गरजेचं. अमेरिकेत १९९६ पासून नियमच आहे: पूर्वसंमतीशिवाय अशी चाचणी करायची, तर त्या भागातल्या लोकांशी आधी सल्लामसलत करायची आणि चाचणीची माहिती जाहीर करायची.

आता “त्यांना काय कळतं?” ब्रिटनमधली ‘पॅरामेडिक-२’ चाचणी बघा. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ८,०१४ जणांपैकी निम्म्यांना ॲड्रेनालिन (हृदय पुन्हा सुरू व्हावं म्हणून देतात ते औषध) दिलं, निम्म्यांना औषधाऐवजी नुसतं सलाईन. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. तीस दिवसांनी ॲड्रेनालिन दिलेल्यांपैकी ३.२ टक्के जिवंत होते, सलाईनवाल्यांपैकी २.४ टक्के. एवढंच पाहिलं तर औषध जिंकलं. पण चाचणीपूर्वीच रुग्णांनी आणि सामान्य लोकांनी संशोधकांना सांगितलं होतं की, नुसतं जगण्यापेक्षा मेंदू शाबूत ठेवून जगणं महत्त्वाचं. त्या कसोटीवर दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. शिवाय वाचलेल्यांमध्ये मेंदूला गंभीर इजा झालेले ॲड्रेनालिनच्या गटात ३१ टक्के होते, दुसऱ्या गटात १७.८. यातलं काय मोलाचं, हे ठरवायला वैद्यकाची पदवी लागत नाही. ज्याला ते आयुष्य जगायचंय आणि ज्याला त्याची शुश्रूषा करायचीय, त्यांनीच ते सांगावं. त्याच वर्षी हृदय बंद पडण्याच्या संशोधनात काय मोजायचं याची यादी रुग्णांच्या सहभागाने ठरली: जगणं, मेंदूचं कार्य आणि जीवनमान.

वेळेचा मुद्दा तर टिकतच नाही. ही चर्चा चाचणी आखताना होते, रुग्णवाहिकेत नाही.

दिखावा होतो, हे मात्र खरं. सगळं ठरल्यावर एका रुग्णाला बैठकीत बसवून माना डोलवायला लावतात. त्यावर इलाज आहे: प्रश्न ठरायच्या आधी बोलवा, एकट्याला नको, आणि येण्याजाण्याचा खर्च व बुडालेली मजुरी द्या.